सरकारी कर्ज, काटकसर आणि राजकारण: ग्रीसच्या संकटाचा अभ्यास

केंद्रीय अर्थसंकल्प सादर झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक चौकट हमखास असते. देशावरचे एकूण कर्ज भागिले लोकसंख्या, म्हणजे प्रत्येक नागरिकाच्या डोक्यावर इतके रुपये. ती वाचून धडकी भरते, पण कळत काहीच नाही. कर्ज कोणाचे, कोणत्या चलनात, किती व्याजाने, किती वर्षांत फेडायचे आणि ज्या अर्थव्यवस्थेतून ते फेडायचे ती वाढते आहे की आटते आहे, यांतला एकही प्रश्न ती चौकट विचारत नाही. हे प्रश्न विचारले नाहीत की काय होते, ते आपण एका देशाच्या उदाहरणातून पाहणार आहोत. तो देश म्हणजे २००९ नंतरचा ग्रीस.

त्याआधी तीन संज्ञा पक्क्या करून घ्या, कारण परीक्षेतच नव्हे तर संसदेतल्या भाषणांतही त्यांची सरमिसळ होते. सरकारचा एका वर्षातला खर्च उत्पन्नापेक्षा जितका जास्त, ती राजकोषीय तूट. वर्षानुवर्षांच्या तुटी साचून जे उभे राहते ते सार्वजनिक कर्ज. आणि तुटीतून जुन्या कर्जावरचे व्याज वगळले की उरते ती प्राथमिक तूट. व्याजाचा एक पैसाही द्यावा लागला नसता तरी सरकारला किती उसने घ्यावे लागले असते, हे ती सांगते. ही तिसरी संज्ञा लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

कर्जाचा भार मोजताना कर्जाची रक्कम नव्हे, तर तिचे देशाच्या स्थूल देशांतर्गत उत्पादनाशी असलेले गुणोत्तर पाहतात. ही साधी भागाकाराची गोष्ट आहे: वर कर्ज, खाली उत्पादन. वरचा आकडा तसाच राहिला आणि खालचा वाढला, तर एक रुपयाही न फेडता भार हलका होतो. उलट खालचा आकडा आकसला, तर नवे कर्ज न घेताही भार वाढतो.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत" ही शिकवण घरासाठी उत्तम आहे. घरातल्या माणसाने हॉटेलचा खर्च कमी केला म्हणून त्याचा पगार कमी होत नाही. सरकारचे तसे नाही. सरकारचा खर्च म्हणजे कोणाचा तरी पगार, कोणाचे निवृत्तिवेतन, कोणत्या तरी कंत्राटदाराचे बिल. तो पैसा दुकानांत जातो, तिथून पुरवठादाराकडे जातो आणि त्यातला काही भाग कर म्हणून सरकारकडे परत येतो. म्हणून सरकारने पाय आखडले की पुष्कळदा अंथरूणही आखडते. किती आखडते, हा या विषयातला सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे.

स्वस्त कर्जाची वर्षे

ग्रीसने २००१ मध्ये स्वतःचे चलन, द्राख्मा, सोडून युरो स्वीकारला. युरो स्वीकारणाऱ्या देशांची तूट उत्पादनाच्या ३ टक्क्यांच्या आत आणि कर्ज ६० टक्क्यांच्या आत असावे किंवा त्या दिशेने उतरते असावे, असा करार होता. ग्रीसचे कर्ज तेव्हाही १०० टक्क्यांच्या आसपास होते. प्रवेशासाठी दाखवलेली तूटही खरी नव्हती, हे २००४ मध्ये उघड झाले. तरीही बाजाराने मनावर घेतले नाही. युरो म्हणजे युरो, असे मानून गुंतवणूकदार ग्रीसच्या सरकारला जवळपास जर्मनीच्या दराने कर्ज देत होते. दोन्ही देशांच्या दहा वर्षांच्या रोख्यांच्या व्याजदरांत कित्येक वर्षे अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक होता. या रोख्यांत पैसे घालणाऱ्यांत फ्रान्स आणि जर्मनीतल्या मोठ्या बँका पुढे होत्या.

ग्रीक सरकारांनी या स्वस्त पैशाचे काय केले? सरकारी नोकरभरती, निवृत्तिवेतने, शस्त्रखरेदी, २००४ चे ऑलिंपिक. यांतल्या प्रत्येक खर्चामागे मतदारांचा किंवा पुरवठादारांचा एखादा गट होता. करवसुलीची बाजू मात्र लंगडीच राहिली. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांकडून कर वसूल होत नव्हता, आणि जहाजमालकांच्या करसवलतींना तर तिथल्या राज्यघटनेचेच संरक्षण आहे. म्हणजे ग्रीसने उधळपट्टी केली ही टीका खोटी नाही. ती अपुरी मात्र आहे. याच संकटात सापडलेल्या स्पेनचे कर्ज २००७ मध्ये उत्पादनाच्या ४० टक्क्यांच्याही आत होते आणि आयर्लंडचे त्याहून कमी. उलट जपानचे कर्ज ग्रीसपेक्षा कितीतरी जास्त असूनही जपानवर अशी वेळ आली नाही. जपान स्वतःच्या चलनात कर्ज घेतो, ते मुख्यतः आपल्याच नागरिकांकडून आणि संस्थांकडून घेतो, आणि ते चलन छापणारी मध्यवर्ती बँक जपानचीच आहे. ग्रीसचे कर्ज युरोत होते, आणि युरो छापण्याचा अधिकार अथेन्समध्ये नव्हता, फ्रँकफुर्टमध्ये होता.

एप्रिल २००९ मध्ये त्या वेळच्या ग्रीक सरकारने त्या वर्षाची तूट ३.७ टक्के राहील असे युरोपीय संघाला कळवले होते. ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली, समाजवादी पासोक पक्ष सुमारे ४४ टक्के मते घेऊन सत्तेवर आला आणि जॉर्ज पापान्द्रेऊ पंतप्रधान झाले. काही दिवसांतच नव्या सरकारने तूट १२ टक्क्यांच्या पुढे असल्याचे जाहीर केले. अंतिम हिशेबात ती १५ टक्क्यांच्याही वर गेली. आकडाच खोटा निघाला म्हटल्यावर बाजाराने दार लावून घेतले. मे २०१० च्या सुमारास दहा वर्षांच्या ग्रीक रोख्यांवरचा व्याजदर १० टक्क्यांच्या पुढे गेला होता. २३ एप्रिल २०१० रोजी पापान्द्रेऊंनी कास्तेलोरिझो नावाच्या एका छोट्या बेटावरून दूरचित्रवाणीवर मदतीची विनंती जाहीर केली.

मदत आणि तिच्या अटी

मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचे कर्ज मंजूर झाले. ८० अब्ज युरो क्षेत्रातल्या देशांचे आणि ३० अब्ज आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे. अटींवर देखरेख ठेवायला तीन संस्था होत्या: युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि नाणेनिधी. ग्रीक लोक या त्रिकुटाला त्रोइका म्हणू लागले.

अटी कोणत्या होत्या? सरकारी नोकर आणि निवृत्तिवेतनधारकांना ईस्टर, उन्हाळी सुट्टी आणि नाताळला मिळणारा जादा पगार कापला गेला. मूल्यवर्धित कर एकाच वर्षात १९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर गेला. २०११ मध्ये घरांवर नवा कर बसला. तो वसूल व्हावा म्हणून थेट विजेच्या बिलात घातला आणि न भरणाऱ्यांना वीज तोडण्याची धमकी दिली गेली. २०१२ मध्ये किमान वेतन २२ टक्क्यांनी घटवले, पंचविशीच्या आतल्या कामगारांसाठी ३२ टक्क्यांनी. निवृत्तिवेतनांत कपातीमागून कपाती झाल्या.

कार्यक्रम आखणाऱ्यांचा अंदाज होता की अर्थव्यवस्था २०१० आणि २०११ मध्ये आकसेल आणि २०१२ मध्ये १ टक्क्याच्या आसपास वाढू लागेल. प्रत्यक्षात २०१२ मध्ये ती सुमारे ७ टक्क्यांनी आकसली. इतकी मोठी चूक कशी झाली, हे समजण्यासाठी कागद घ्या आणि पुढचा हिशेब स्वतः करून पाहा.

एक काल्पनिक देश घ्या. त्याचे वार्षिक उत्पादन १०० रुपये आणि काहीही न केल्यास वर्षाअखेरचे कर्ज १३० रुपये, म्हणजे गुणोत्तर १३० टक्के. सरकार खर्चात ५ रुपयांची कपात करते. उत्पादनातला प्रत्येक रुपया कमी झाला की करांतून ४० पैसे कमी येतात असे धरू. आता राजकोषीय गुणक, म्हणजे एक रुपया खर्च कापल्यावर उत्पादन किती घटते तो आकडा, ०.५ असेल तर उत्पादन अडीच रुपयांनी घटेल. करांत १ रुपयाचे नुकसान, म्हणजे खरी बचत ४ रुपये. कर्ज १२६, उत्पादन ९७.५, गुणोत्तर सुमारे १२९ टक्के. थोडा का होईना, उपयोग झाला. पण गुणक १.५ असेल तर? उत्पादन साडेसात रुपयांनी घटेल, करांत ३ रुपये जातील, खरी बचत फक्त २ रुपये. कर्ज १२८, उत्पादन ९२.५, गुणोत्तर १३८ टक्क्यांच्या पुढे. लोकांचे पगार कापले, बेकारी वाढली, आणि ज्यासाठी हे सारे केले तो भार वाढलाच.

नाणेनिधीचे तेव्हाचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार आणि त्यांचे सहकारी डॅनियल ली यांनी जानेवारी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. संकटाच्या सुरुवातीच्या वर्षांत युरोपीय देशांबाबतचे अंदाज करताना गुणक साधारण ०.५ धरला गेला होता आणि प्रत्यक्षात तो १ च्या आसपास किंवा त्याहून मोठा असावा, असे त्यात दिसते. गुणक हा काही निसर्गनियम नाही. भरभराटीच्या काळात तो लहान असतो, कारण सरकारने सोडलेली माणसे आणि साधने खासगी क्षेत्र उचलते. मंदीत, व्याजदर खाली आणण्याची सोय नसताना, चलनाचे अवमूल्यन करून निर्यात वाढवण्याचा मार्ग बंद असताना आणि शेजारचे देशही एकाच वेळी खर्च कापत असताना तो मोठा होतो. ग्रीसमध्ये या सगळ्या गोष्टी एकदम जुळून आल्या होत्या.

परिणाम आकड्यांत पाहा. २००९ च्या अखेरीस ग्रीसचे कर्ज सुमारे ३०१ अब्ज युरो होते आणि उत्पादन सुमारे २३७ अब्ज. गुणोत्तर १२७ टक्के. २०१४ मध्ये कर्ज सुमारे ३१९ अब्ज आणि उत्पादन सुमारे १७८ अब्ज. गुणोत्तर १८० टक्क्यांच्या आसपास. पाच वर्षांत वरचा आकडा जेमतेम ६ टक्क्यांनी वाढला, खालचा मात्र चतुर्थांशाने घटला. मध्ये २०१२ साली खासगी धनकोंच्या रोख्यांची दर्शनी किंमत ५३.५ टक्क्यांनी कापली गेली आणि शंभर अब्जांहून अधिक कर्ज पुसले गेले, तरीही ही अवस्था. त्या रोख्यांतला मोठा वाटा ग्रीसच्याच बँकांकडे आणि निवृत्तिवेतन निधींकडे होता. त्या बुडाल्या तेव्हा बँका वाचवायला सरकारने पुन्हा कर्ज काढले.

बेकारीचा दर २००८ मध्ये ८ टक्क्यांच्या आत होता, २०१३ मध्ये २७ टक्क्यांच्या पुढे गेला. तरुणांत तो निम्म्याहून अधिक होता. तुमच्या वयाच्या ज्या ग्रीक मुलामुलींना जमले, त्यांनी जर्मनी, ब्रिटन गाठले.

मग खर्च कापायला नको होता का?

वर्गात हा प्रश्न आला की चटकन "नको होता" असे उत्तर येते. ते तितके सोपे नाही. प्राथमिक तुटीची संज्ञा आठवा. २००९ मध्ये ग्रीसची प्राथमिक तूट उत्पादनाच्या सुमारे १० टक्के होती. म्हणजे ग्रीसने त्या दिवशी सगळे कर्ज बुडवले असते आणि व्याज शून्यावर आणले असते, तरीही पगार आणि निवृत्तिवेतने देण्यासाठी त्याला नवे कर्ज लागलेच असते, आणि कर्ज बुडवणाऱ्याला ते कोणी दिले नसते. मदत नसती तर कपात एका रात्रीत झाली असती, अधिक क्रूर. तेव्हा कपात टळणारी नव्हती.

टळण्यासारख्या होत्या त्या दोन गोष्टी: कपातीचा वेग आणि कर्जमाफीतला उशीर. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. २०१० मध्येच धनकोंना तोटा सोसायला लावला असता, तर तो फ्रेंच आणि जर्मन बँकांना बसला असता, आणि २००८ च्या पडझडीतून त्या नुकत्याच कुठे सावरत होत्या. म्हणून दोन वर्षे मदतीच्या पैशातून जुने रोखे पूर्ण किमतीने फेडले गेले. खासगी बँकांचे येणे हळूहळू युरोपातल्या करदात्यांच्या खांद्यावर आले. कर्जाची पुनर्रचना आधीच झाली असती तर ग्रीसच्या हिताचे झाले असते, हे नाणेनिधीने २०१३ मध्ये स्वतःच्या मूल्यमापन अहवालात मान्य केले. जर्मन मतदाराला सांगितले गेले की आपण आळशी ग्रीकांना पोसतो आहोत. ग्रीक मतदाराला वाटले की जर्मन आपल्याला पिळत आहेत. मदतीतला फार मोठा भाग ग्रीसमध्ये न थांबता धनकोंकडे परत जात होता, हे दोघांनाही सांगण्यात कोणाचाच राजकीय फायदा नव्हता.

मतपेटीतला हिशेब

कपात करणाऱ्या पक्षाचे काय झाले, ते पासोकच्या मतांवरून दिसते: २००९ मध्ये ४४ टक्के, मे २०१२ मध्ये १३ टक्के, जानेवारी २०१५ मध्ये ५ टक्क्यांच्याही आत. चार दशके देशाच्या राजकारणाचा एक खांब असलेला पक्ष पाच वर्षांत कोसळला. युरोपातल्या राज्यशास्त्रात अशा पडझडीला आता पासोकचेच नाव जोडले जाते. पापान्द्रेऊंनी ऑक्टोबर २०११ अखेर मदतीच्या अटींवर सार्वमत घेण्याची घोषणा केली होती. युरोपीय नेत्यांच्या दबावाखाली ती मागे घ्यावी लागली आणि त्यांना पायउतार व्हावे लागले. त्यांच्या जागी आले लुकास पापादेमोस. ते युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी उपाध्यक्ष होते, निवडून आलेले नेते नव्हते. रिकाम्या झालेल्या जागेत एका बाजूला डाव्यांचा सिरिझा वाढला, दुसऱ्या बाजूला नवनाझी गोल्डन डॉन. मे २०१२ मध्ये सुमारे ७ टक्के मते घेऊन हा दुसरा पक्ष संसदेत पोहोचला. २०२० मध्ये न्यायालयाने त्याला गुन्हेगारी संघटना ठरवले.

जानेवारी २०१५ मध्ये काटकसर संपवण्याचे वचन देत सिरिझा जिंकला आणि अलेक्सिस त्सिप्रास पंतप्रधान झाले. पाच महिने वाटाघाटी चालल्या. जूनअखेर त्यांनी सार्वमत जाहीर केले, युरोपीय मध्यवर्ती बँकेने ग्रीक बँकांना द्यायच्या आपत्कालीन निधीवर मर्यादा घातली, आणि बँका बंद झाल्या. एटीएममधून दिवसाला ६० युरो, त्याहून जास्त नाही. रांगा लागल्या. ३० जूनला नाणेनिधीचा हप्ता चुकला. ५ जुलैला ६१ टक्के मतदारांनी अटी नाकारल्या. आणि १३ जुलैला, रात्रभर चाललेल्या बैठकीनंतर, त्सिप्रास यांनी फारशा वेगळ्या नसलेल्या, काही बाबतींत अधिक कडक अटी मान्य केल्या. त्यांतून ८६ अब्ज युरोंपर्यंतचे तिसरे कर्ज आले.

याला विश्वासघात म्हणायचे की नाइलाज, यावर ग्रीसमध्ये आजही वाद होतो. पण त्यामागची यंत्रणा लक्षात घ्या. अटी नाकारल्या तर बँकांत युरो येणार नव्हते, आणि युरो नसतील तर सरकारला नवे चलन आणावे लागले असते. जुने कर्ज मात्र युरोतच राहिले असते आणि नवे चलन घसरताच त्याचा भार फुगला असता. लोकांना काटकसर नको होती, पण बहुसंख्यांना युरो सोडायचाही नव्हता. मतपत्रिकेवर यांतला एकच प्रश्न होता.

१९९१ च्या भारताशी तुलना

भारतातल्या विद्यार्थ्याला इथे १९९१ आठवणे साहजिक आहे. तेव्हा केंद्राची राजकोषीय तूट उत्पादनाच्या सुमारे ८ टक्के होती आणि परकीय चलनाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतका उरला होता. सोने परदेशी पाठवावे लागले, नाणेनिधीचे कर्ज आणि अटी आल्या, खर्च कापला गेला. आपल्याकडेही वाढीचा वेग १९९१-९२ मध्ये घसरून एक टक्क्याच्या आसपास आला, पण पुढच्याच वर्षी तो ५ टक्क्यांच्या पुढे गेला.

फरक कशाने पडला? सुधारणांचे श्रेय आहेच, पण दोन गोष्टी पाठ्यपुस्तकांत पुरेशा ठळकपणे येत नाहीत. जुलै १९९१ च्या पहिल्या आठवड्यात दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. निर्यात स्वस्त करण्याचे हे साधन भारताच्या हातात होते, ग्रीसच्या नव्हते. ग्रीसला तेच काम पगार आणि किमती खाली ढकलून करावे लागले, आणि पगार खाली येतात तेव्हा घराच्या कर्जाचा हप्ता काही त्यांच्याबरोबर खाली येत नाही. दुसरी गोष्ट, भारत सरकारचे बहुतांश कर्ज रुपयांत आणि देशातच होते. अडचण डॉलरची होती, रुपयाची नव्हती. म्हणून "भारताने कडू औषध घेतले आणि बरा झाला, ग्रीसने का नाही घेतले" ही तुलना टिकत नाही. औषध ग्रीसनेही घेतले, कितीतरी जास्त मात्रेत. रोग वेगळा होता.

मदत संपल्यानंतर

२० ऑगस्ट २०१८ रोजी ग्रीसचा मदत कार्यक्रम संपला. पुढच्या वर्षी त्सिप्रास निवडणूक हरले. २०२० च्या महासाथीत उत्पादन पुन्हा कोसळले आणि कर्जाचे गुणोत्तर २०० टक्क्यांच्या पुढे गेले. त्यानंतर मात्र ते वेगाने उतरू लागले आणि २०२३ अखेर १७० टक्क्यांच्या खाली आले. या तीन वर्षांत कर्जाची रक्कम फारशी घटलीच नाही. पर्यटन परतले, उत्पादन वाढले, आणि भाववाढीने उत्पादनाचा रुपया-पैशांतला, म्हणजे युरोंतला, आकडा आणखी फुगवला. जुन्या कर्जाचा व्याजदर कमी आणि मुदत लांब असल्यामुळे त्या भाववाढीचा वरच्या आकड्यावर परिणाम झाला नाही. तुम्ही मघाशी केलेला हिशेब आता उलट दिशेने करून पाहा.

वास्तव उत्पादन तेव्हाही २००८ च्या पातळीखालीच होते. आणि २०१८ च्या समझोत्यानुसार ग्रीसने २०६० पर्यंत सरासरी २.२ टक्के प्राथमिक शिल्लक राखायची आहे, म्हणजे व्याज वगळून दरवर्षी खर्चापेक्षा जास्त कर गोळा करायचा आहे. २००९ मध्ये चौथीत असलेली मुले तेव्हा साठीला आलेली असतील.